स्थितिज आणि गतिज ऊर्जा : कोयनेपासून आटपाडीपर्यंतचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यावर शिकवणीला येणारी मुलं, त्यांना न्यायला आलेले पालक आणि एकदा तर बोअरची मोटर भरायला आलेला मिस्त्री, अशा सगळ्यांनी विचारलेले हे प्रश्न आहेत. उत्तरं मी सातारा-सांगलीच्या मातीतलीच दिली आहेत. ज्यांच्या डोक्यावरून कोयनेची वीज जाते आणि बांधावरून टेंभूचा कालवा जातो, त्यांना ही गोष्ट रोलर कोस्टरच्या चित्रावरून शिकवणं मला कधीच पटलं नाही.

दोन्हींतला फरक एका दमात सांगाल का?

वस्तू हलते आहे म्हणून तिच्यात काम करण्याची जी ताकद असते, ती गतिज ऊर्जा. वस्तू कुठे आहे किंवा किती ताणली-दाबली गेली आहे, यामुळे जी असते ती स्थितिज ऊर्जा. गच्चीच्या कठड्यावर ठेवलेली कुंडी कुणाला काही करत नाही, तरी तिच्याखाली कुणी खाट टाकत नाही. ती भीती स्थितिज ऊर्जेची. कुंडी सुटली की खाली येता येता हीच ऊर्जा गतिज होते.

‘स्थितिज’ की ‘स्थितीज’?

स्थितिज, ‘ति’ ऱ्हस्व. स्थितीपासून जन्मलेली, म्हणून शेवटी ‘ज’. जलज किंवा अनुज या शब्दांत येतो तोच. इंग्रजीतलं ‘पोटेन्शियल एनर्जी’ हे नाव १८५३ मध्ये स्कॉटिश अभियंता रँकिन याने दिलं.

एक ज्यूल म्हणजे नेमकं किती?

फार थोडं. शंभर ग्रॅम कंदी पेढे टेबलावरून उचलून एक मीटर वर नेले की साधारण एक ज्यूल खर्च झाला. तेच पेढे खाल्ले तर अंगाला दहा लाखांहून अधिक ज्यूल मिळतात. वजन उतरवायला व्यायाम करणाऱ्यांनी हा हिशोब मनाला लावून घेऊ नये.

वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. हा आकडा पाठ करा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

सूत्र काय?

स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. मुलं याला ‘एमजीएच’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, उंची मीटरमध्ये, गुरुत्व त्वरण ९.८. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मे.

उंची कुठून मोजायची? जमिनीपासून की समुद्रापासून?

धड्यातला सर्वांत चांगला प्रश्न हा आहे, आणि परीक्षेत तो कधीच येत नाही.

उंची तुम्हाला हवी तिथून मोजा. फक्त एकदा ठरवलं की गणित संपेपर्यंत बदलायचं नाही. यवतेश्वरच्या कड्यावर ठेवलेल्या दगडाची ऊर्जा सातारा शहराच्या हिशोबाने एक येईल, समुद्रसपाटीच्या हिशोबाने दुसरी, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायाच्या हिशोबाने शून्य. तिन्ही बरोबर. खरा अर्थ असतो तो फरकाला : दगड इथून तिथे आला तर किती ऊर्जा सुटली? जमीन शून्य धरली तर विहिरीच्या तळाशी पडलेल्या कळशीची स्थितिज ऊर्जा उणे येते. उणे आलं म्हणून घाबरायचं नाही. कळशी वर काढायला तेवढी ऊर्जा आपल्या खिशातून जाणार, इतकाच त्याचा अर्थ.

आणि ही ऊर्जा एकट्या दगडाची नसते, दगड आणि पृथ्वी या जोडीची असते. पृथ्वी नसेल तर ‘वर’ आणि ‘खाली’ या शब्दांनाच अर्थ राहत नाही.

मग कोयनेचं पाणी पश्चिमेलाच का वळवलं? वीज तर धरणाच्या पायथ्याशीही करता आली असती.

करतात की. कोयनेच्या पायथ्याशी २० मेगावॅटचे दोन संच आहेत. सिंचनासाठी नदीत पाणी सोडतात तेव्हा ते त्यातून जातं. पण कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे, त्यातले पायथ्याचे फक्त ४०. बाकी सगळं पश्चिमेकडे, डोंगराच्या पोटात.

कारण उंची. कोयना धरण १०३ मीटर उंच आहे. पायथ्याशी पाणी सोडलं तर अगदी भरलेल्या धरणातही उतार त्याहून जास्त मिळणार नाही. पण सह्याद्रीची पश्चिम बाजू पायऱ्या नसलेल्या विहिरीसारखी सरळ कोकणात तुटते. बोगद्यातून पाणी पलीकडे पोफळीच्या वीजघरात नेलं की तेच पाणी साडेचारशे मीटरपेक्षा जास्त खाली येतं. तलाव तोच, पाणी तेच, गुरुत्वही तेच. ‘शून्य पातळी’ तेवढी खाली सरकली.

आता आकडे घालू. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, घरावरची काळी टाकी. वजन हजार किलो. पडण्याची उंची हिशोबाला ४५० मीटर धरू.

१,००० × ९.८ × ४५० = ४४ लाख १० हजार ज्यूल

याला ३६ लाखांनी भागा. सव्वा युनिटच्या किंचित आत. नळांतलं घर्षण, टर्बाइन आणि जनित्रातली गळती वजा केली की ढोबळमानाने टाकीमागे एक युनिट हाती लागतं. पायथ्याशी शंभर मीटरचा पूर्ण उतार मिळाला असं मानलं, तरी त्याच टाकीतून पाव युनिटच्या थोडं वरच निघेल.

एक टीएमसी म्हणजे अशा २ कोटी ८३ लाख टाक्या. म्हणजे पोफळीला गेलेल्या एका टीएमसीचे सुमारे ३ कोटी युनिट. कोयनेत १०५ टीएमसी मावतात. पावसाळ्यात ‘आज धरणात अमुक टीएमसीची आवक’ अशी बातमी येते तेव्हा मी मुलांना पाण्याचे नव्हे, युनिटांचे आकडे विचारते.

पोफळीतून बाहेर पडलेलं पाणीही रिकामं सोडत नाहीत. ते कोळकेवाडीच्या जलाशयात अडवून प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात पुन्हा खाली पाडतात. राहिलेली उंचीही वसूल. नंतर ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं.

आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना? तिथे तर उलट पाणी वर चढवतात.

हो, आणि सूत्र अक्षरशः तेच आहे. गणित उलटं वाचायचं.

कोयना नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथून थोडं खाली टेंभूला बंधारा आहे. तिथलं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे नेतात. म्हणजे पायथ्याच्या संचातून चार पैसे कमावून आलेलाच कोयनेचा थेंब टेंभूला पोहोचल्यावर वीज खायला लागतो. पश्चिमेला वळलेला त्याचा भाऊ मात्र समुद्राला गेलेला असतो, तो इकडे फिरकतच नाही.

समजा पाणी २०० मीटर चढवायचं आहे. एका टाकीला १९ लाख ६० हजार ज्यूल, म्हणजे साधारण ०.५४ युनिट. हा झाला निसर्गाचा दर. यात सूट नाही, सबसिडी नाही, कुणाची ओळख चालत नाही. पंप आणि मोटर मिळून समजा ७५ टक्के कार्यक्षम असतील, तर मीटरवर ०.७३ युनिट पडतील. पंप कितीही चांगला आणा, तो ०.७३ ला ०.५४ च्या जवळ आणेल, त्याच्या खाली कधीच नाही. ‘कमी विजेत जास्त पाणी’ अशी जाहिरात करणारा कुणी बांधावर आला की उंची किती, एवढंच विचारा आणि एमजीएच करून बघा. आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराने असं न विचारता एक महागडं ‘वीज बचत यंत्र’ बसवलं. बिल तेवढंच येतं, यंत्रावरचा हिरवा दिवा मात्र छान लागतो.

टप्पे का करतात? एकदम वर का नेत नाहीत?

ऊर्जा तेवढीच लागते, पण एकदम नेलं तर खालच्या नळावर दाब फार येतो. दर दहा मीटर उंचीमागे जवळपास एका वातावरणाएवढा दाब वाढतो. शिवाय वाटेतल्या गावांना मधल्या टप्प्यावरच पाणी हवं असतं. त्यांचं पाणी डोंगरमाथ्यावर नेऊन पुन्हा खाली सोडणं म्हणजे चढवलेली ऊर्जा फुकट घालवणं.

मोटेला बैल उताराकडे का चालवायचे?

हा प्रश्न एका मुलीच्या आजोबांनी विचारला होता. उत्तर त्यांना माहीत होतं, मला येतं का ते बघत होते.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी : मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी. विहिरीच्या काठापासून लांब जाणारी उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली जातात, नाडा ओढला जातो, भरलेली मोट वर येते आणि पाणी थारोळ्यात पडतं. मग बैल उलटे पावलांनी किंवा वळून धाव चढतात आणि रिकामी मोट विहिरीत उतरते.

आता हिशोब. मोटेत १५० लिटर पाणी, विहीर १० मीटर. पाण्याने कमावलेली स्थितिज ऊर्जा १५० × ९.८ × १० = १४,७०० ज्यूल. जोडीचं वजन ८०० किलो आणि धाव दीड मीटर खाली उतरते असं धरलं, तर बैलांनी गमावलेली स्थितिज ऊर्जा ८०० × ९.८ × १.५ = ११,७६० ज्यूल. म्हणजे पाणी वर येतं ते बरंचसं बैलांच्या नुसत्या वजनाने. खांद्याच्या जोराने भरायचा तो उरलेला भाग आणि चाकाचं घर्षण.

फुकट काहीच मिळालेलं नाही. बैलांना परत धाव चढताना ते ११,७६० ज्यूल स्वतःच्या अंगातून, म्हणजे कडब्यातून, द्यावे लागतात. पण ते देतात मोट रिकामी असताना. जड ओझं आणि चढ एकाच वेळी वाट्याला येऊ नयेत, अशी ती रचना आहे. ज्याने पहिली धाव उतरती खणली त्याला ज्यूल माहीत नव्हता. बैल मात्र माहीत होता.

गतिज ऊर्जेतला तो ‘अर्धा’ कुठून येतो? वर्ग कशाला?

पाठ करू नका, दोन मिनिटांत काढता येतो.

थांबलेल्या गाड्याला सारख्या जोराने ढकला. ठरावीक वेळाने त्याने काही वेग गाठला. शून्यापासून त्या वेगापर्यंत तो सारखा वाढत गेला, म्हणून सरासरी वेग शेवटच्या वेगाच्या निम्मा. कापलेलं अंतर म्हणजे निम्मा वेग गुणिले वेळ. तो ‘अर्धा’ इथून आला. लावलेलं बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेग भागिले वेळ. बल आणि अंतर गुणा : वेळ कटतो, वेग दोनदा येतो. उरतं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मं. झालं.

माणसांना मात्र हे कळायला शंभरेक वर्षं भांडावं लागलं. हलणाऱ्या वस्तूचा ‘जोर’ वेगाने मोजायचा की वेगाच्या वर्गाने, यावर युरोपात मोठा वाद होता. जर्मन गणिती लायब्निझ वर्गाच्या बाजूचा. अठराव्या शतकात ग्रॅव्हसांड या डच प्राध्यापकाने पितळी गोळे मऊ मातीत पाडून पाहिले. वेग दुप्पट केला की खड्डा चौपट पडत होता. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने ते प्रयोग उचलून धरले. ‘अर्धा’ पुढे १८२९ मध्ये फ्रेंच गणिती कोरिऑलिसने रीतसर सूत्रात बसवला. शाडूचा गोळा आणि गोट्या घेऊन हा प्रयोग घरी जमतो. दुप्पट वेगासाठी गोटी चौपट उंचीवरून सोडायची, हे तेवढं लक्षात ठेवा.

वर्गाचा रोजच्या जगण्यात काय संबंध?

हायवेवर कळतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल भिंतीवर आदळली तर ती सव्वासहा मीटरवरून पडल्यासारखं आहे, म्हणजे दोन मजले. ताशी ८० ने आदळली तर २५ मीटर, म्हणजे आठ मजले. वेग दुप्पट, मजले चौपट. यात गाडीचं वजन येतच नाही, ते दोन्ही बाजूंनी कटतं. खंबाटकी उतरून आल्यावर मोकळा रस्ता दिसला की मुठीला जो चेव येतो, त्याला हे आठ मजले आठवत नाहीत.

ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही असंच चौपट होतं.

घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली तर?

करू नका. वाचलेल्या डिझेलवर काय बेतू शकतं ते बघा.

सोळा टनांचा भरलेला ट्रक ३०० मीटर खाली उतरतो. एमजीएच ४ कोटी ७० लाख ज्यूल, म्हणजे १३ युनिट. एवढी ऊर्जा वाटेत कुठेतरी गेलीच पाहिजे. नाही गेली तर ती गतिज होते, म्हणजे वेग. गाडी गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन पचवतं. न्यूट्रल केली की जवळपास सगळा भार ब्रेकवर. तेवढ्या उष्णतेने ३० अंशांचं १६० लिटर पाणी उकळीला येईल, आणि ती सगळी चाकांमधल्या चार-सहा ड्रममध्ये. तापलेला ब्रेक पकड सोडतो. इंजिनच बंद केलं असेल तर ब्रेक आणि स्टिअरिंगची मदतही जाते. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. पसरणीच्या घाटात हे वाक्य सूत्रापेक्षा जास्त कामाचं.

झोपाळ्यावर वेग सर्वांत जास्त कुठे?

सर्वांत खाली. तिथे स्थितिज सर्वांत कमी, म्हणून गतिज सर्वांत जास्त. दोन गुणांचा प्रश्न आहे, आकृती काढा.

स्थितिज ऊर्जा म्हणजे उंचीच का?

नाही. बेचकीचं रबर ताणलं की त्यात स्थितिज ऊर्जा साठते, जमिनीवर बसून ताणलं तरी. घड्याळाची किल्ली, ताणलेलं धनुष्य, दाबलेली स्प्रिंग, सगळं याच घरचं.

खडकही ताणले जातात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला, त्यात सुटलेली ऊर्जा खडकांत आधीपासून ताण म्हणून साठलेली होती. त्याची तीव्रता सहाच्या वर होती. जलाशयामुळे चेतवलेल्या भूकंपांत जगभरात आजही कोयनेचं नाव आधी घेतात. यावरून मुलं विचारतात, म्हणजे धरणातल्या पाण्याच्या ऊर्जेने भूकंप झाला का? तसं नाही. बेचकी आधीच ताणलेली होती. भेगांत शिरलेल्या पाण्याने आणि त्याच्या दाबाने धरलेलं बोट सैल केलं.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्या कोणत्या ऊर्जेवर चालतात?

वाऱ्याच्या गतिज ऊर्जेवर. हवा हलकी वाटते, पण एक घनमीटर हवेचं वजन किलोभर भरतं, आणि पात्यांच्या घेरातून सेकंदाला हजारो घनमीटर हवा जाते. इथे वेगाच्या वर्गाच्या जागी घन येतो. वारा दुप्पट झाला की प्रत्येक किलो हवेत ऊर्जा चौपट, आणि सेकंदाला येणारी हवाही दुप्पट. म्हणून शक्ती आठपट. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याची पठारं निवडली ती यासाठीच. थोडा जास्त वारा म्हणजे बरीच जास्त वीज.

सगळी ऊर्जा मात्र काढता येत नाही. काढली तर हवा पात्यांमागेच थांबेल आणि नवी हवा यायला जागा उरणार नाही. जास्तीत जास्त ५९ टक्के, हे बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं.

ऊर्जा नष्टच होत नाही, तर ‘ऊर्जा वाचवा’ कशाला?

ऊर्जा राहते, तिची उपयोगाची ऐपत जाते. ठोसेघरचा धबधबा खाली आपटतो तेव्हा त्याची गतिज ऊर्जा कुठे जाते? थोडी आवाजात, बाकी पाणी किंचित कोमट होण्यात. पाण्याचं तापमान एक अंश वाढायला ते सुमारे ४२७ मीटरवरून पडावं लागतं. इतकी मोठी उडी, आणि हाती फक्त एक अंश. तो अंश परत गोळा करून पाणी वर चढवता येत नाही. पोफळीच्या टर्बाइनने तीच ऊर्जा अंशात जाऊ देण्याआधी पकडली, एवढाच फरक.

हळदीचं पोतं घेऊन यार्डात सपाट चालणारा हमाल काहीच कार्य करत नाही, असं पुस्तक म्हणतं. हे बरोबर आहे?

गुरुत्वाच्या हिशोबाने बरोबर. पोतं जेवढ्या उंचीवर होतं तेवढ्यावरच राहिलं, त्याची स्थितिज ऊर्जा वाढली नाही. ५० किलोचं पोतं तीन मीटर वरच्या माळ्यावर नेलं तर १,४७० ज्यूल कार्य झालं. सपाट नेलं तर शून्य.

पण हमालाचे स्नायू ताणून धरायलाही सतत आकसत-सुटत असतात, प्रत्येक पावलाला शरीर वर-खाली होतं, आणि त्यात खर्च झालेली ऊर्जा घाम होऊन निघते. पुस्तक पोत्याबद्दल बोलतं, हमालाबद्दल नाही. हमाली ठरवताना हे सूत्र कुणी पुढे केलं तर त्याला आधी पोतं उचलायला सांगा.

गणितात मार्क कुठे जातात?

ताशी किलोमीटरचं मीटर प्रति सेकंद करताना (१८ ने भागून ५ ने गुणा). ग्रॅमचे किलो करायला विसरण्यात. वेगाऐवजी सगळ्याचाच वर्ग करण्यात. आणि उत्तरापुढे ‘ज्यूल’ न लिहिण्यात. याच क्रमाने.

टेंभूचं पाणी आटपाडीला चढलं. मग त्या साठलेल्या ऊर्जेचं काय होतं?

हा एका सातवीतल्या मुलाचा प्रश्न, त्याच्या ताईला न्यायला तो आला होता. बरंचसं पाणी डाळिंबाच्या बागांत जिरतं, मुळांतून पानांत चढतं आणि वाफ होऊन आणखी वर जातं. ते काम सूर्याचं, त्याचं बिल येत नाही. थोडं पाणी पाझरून ओढ्यांतून माणगंगेला लागतं. माणगंगा भीमेला मिळते आणि भीमा पुढे रायचूरच्या बाजूला पुन्हा कृष्णेलाच. युनिटं मोजून चढवलेली ती उंची पाणी वाटेत वाळूला, दगडांना आणि स्वतःला कणभर कोमट करत उतरून येतं.